पक्क्या भिंतीत नवा सॉकेट बसवताना

घर बांधले जाते तेव्हा कोणत्या भिंतीवर किती सॉकेट असावेत हे एकदा ठरते आणि पुढची कित्येक वर्षे तेच राहते. घरातील उपकरणे मात्र वाढतच जातात. मग एका सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड, त्या बोर्डाला दुसरा बोर्ड, सतरंजीखालून किंवा दाराच्या फटीतून नेलेली वायर, अशी तात्पुरती सोय कायमची होऊन बसते. तिच्यापेक्षा भिंतीत रीतसर बसवलेला एक जादा सॉकेट कितीतरी सुरक्षित असतो. मात्र हे काम म्हणजे भिंत फोडणे असाच बहुतेकांचा समज असतो, त्यामुळे सगळी चर्चा धूळ, छिन्नी आणि खराब होणारा रंग यांभोवतीच फिरत राहते. भिंत फोडण्यात कष्ट आहेत हे खरे. पण धोका असतो तो भिंतीत जाणाऱ्या तारेत. नवा सॉकेट वीज कोठून घेणार, ती आणणारी तार तेवढा भार सोसेल का, आणि गिलाव्याखाली गेलेली तार दहा वर्षांनंतर त्याच भिंतीत खिळा ठोकणाऱ्या माणसाला कशी कळणार, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आल्याशिवाय भिंतीवर पेन्सिलीची रेघही ओढू नये.

वीज कोठून घ्यायची

घरात आलेली वीज वितरण पेटीत, म्हणजे रोजच्या बोलण्यातील डीबीमध्ये, वेगवेगळ्या सर्किटांत वाटली जाते. प्रत्येक सर्किटाच्या सुरुवातीला एक एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच, असतो आणि त्याच्या पुढे तारेची एक वाट काही दिव्यांपर्यंत किंवा काही सॉकेटांपर्यंत जाते. नवा सॉकेट जोडायचा म्हणजे एकतर या जुन्या वाटांपैकी एखादीला फांदी फोडायची, नाहीतर वितरण पेटीतून नवी वाट काढायची. पहिला मार्ग स्वस्त आणि कमी तोडफोडीचा आहे, दुसरा अधिक निर्धोक आहे. कोणता निवडायचा हे भिंतीवरून ठरत नाही. त्या सॉकेटला काय जोडले जाणार आहे यावरून ठरते.

याचा हिशेब अवघड नाही. पुरवठा २३० व्होल्टचा असेल तर उपकरणाच्या वॉटला २३० ने भागले की ते किती अँपिअर प्रवाह घेते हे कळते. लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर अर्धा अँपिअरही घेत नाही, फोनचा चार्जर तर त्याहून खूपच कमी. १००० वॉटची इस्त्री साधारण साडेचार अँपिअर घेते, आणि २००० वॉटचा हीटर किंवा गीझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. १६ अँपिअरच्या सर्किटावर सर्व मिळून सुमारे ३६८० वॉट एवढीच उपकरणे एका वेळी निर्धोकपणे चालू शकतात. या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती म्हणजे सॉकेटांची संख्या वाढल्याने भार वाढत नाही. भार वाढतो तो एकाच वेळी चालू असलेल्या उपकरणांमुळे. टीव्ही, राउटर, टेबलावरचा दिवा आणि दोन चार्जर यांच्यासाठी शेजारच्या सॉकेटपासून पुढे आणखी दोन सॉकेट काढले तर सर्किटावर जवळपास काहीच ताण पडत नाही. उलट पलंगाशेजारच्या एकट्या नव्या सॉकेटला कोणी हिवाळ्यात हीटर लावणार असेल, तर त्याच सर्किटावर दुसऱ्या खोलीतील इस्त्री आणि मायक्रोवेव्ह आहेत का, हे आधी पाहावे लागते.

म्हणून माझे मत असे आहे की गीझर, एअर कंडिशनर, ओव्हन, कपडे धुण्याचे यंत्र अशा मोठ्या उपकरणांसाठी नवा सॉकेट हवा असेल तर जुन्या सर्किटाला फांदी फोडण्याचा विचारच करू नये. वितरण पेटीतून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी घ्यावा. दिव्यांच्या सर्किटावरून तर सॉकेटसाठी वीज कधीच घेऊ नये. दिव्यांसाठी वापरलेली तार बारीक असते, आणि सॉकेट एकदा भिंतीवर दिसू लागला की त्याला पुढे कोण काय जोडेल यावर घरमालकाचेही नियंत्रण राहत नाही.

तार, उष्णता आणि एमसीबी

तारेतून प्रवाह वाहतो तेव्हा ती तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. अडीच चौरस मिमी जाडीची तांब्याची तार घेऊन वितरण पेटीपासून २० मीटर अंतरावर सॉकेट बसवला, तर जाण्यायेण्याची मिळून ४० मीटर तार होते आणि तिचा रोध सुमारे ०.३ ओहम भरतो. तिच्यातून ८ अँपिअर वाहत असतील तर तारेच्या पूर्ण लांबीत सुमारे १९ वॉट उष्णता निर्माण होते; १६ अँपिअर वाहू लागले की तीच ७७ वॉट होते. दीड चौरस मिमीची तार वापरली तर रोध सुमारे ०.५ ओहम होतो आणि १६ अँपिअरला उष्णता १२८ वॉटच्या घरात जाते. उघड्यावरची तार ही उष्णता हवेला देऊन टाकते. भिंतीत पाइपात कोंडलेल्या तारेला ती सोय नसते, आणि एकाच पाइपात भार घेणारी दोन-तीन सर्किटे असतील तर त्या तारा एकमेकींना तापवतात. म्हणूनच एका पाइपात दोन सर्किटे असल्यास तारेची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्के आणि तीन असल्यास सुमारे ७० टक्के धरण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. नेहमीच्या पीव्हीसी आवरणाची तार आत ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असते. त्याहून अधिक उष्णता वर्षानुवर्षे सोसावी लागली तर आवरण कडक होते, त्याला तडे जातात, आणि हे सर्व गिलाव्याआड घडत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

तार जास्त तापू नये यासाठीच एमसीबी असतो. त्याच्यावर १६ लिहिलेले असले म्हणजे सोळाव्या अँपिअरनंतर तो तत्काळ वीज तोडतो, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याने आपल्या मूल्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर न तोडता वाहू द्यायचा असतो आणि १.४५ पट प्रवाहाला तासाच्या आत तोडायचे असते. म्हणजे १६ अँपिअरच्या एमसीबीतून २३ अँपिअरच्या आसपासचा प्रवाह बराच वेळ वाहू शकतो. तारेची क्षमता एमसीबीच्या आकड्यापेक्षा कमी असून चालत नाही, याचे कारण हेच. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्या जागी अधिक अँपिअरचा बसवणे, हा घरातील विजेच्या बाबतीत होणारा सर्वांत घातक उपाय आहे, कारण त्यानंतर तारेचे रक्षण करणारे काहीच उरत नाही. जुन्या सर्किटाला फांदी फोडतानाही हाच नियम लागू होतो: नवी तार जुन्या तारेपेक्षा बारीक घेऊ नये.

जुन्या घरांत आणखी एक अडचण उद्भवू शकते. काही काळ घरांच्या वायरिंगमध्ये ॲल्युमिनिअमच्या तारा वापरल्या जात होत्या. ॲल्युमिनिअम आणि तांबे यांना एकत्र पीळ देऊन पट्टी गुंडाळली तर त्या सांध्यावर ऑक्साइडचा थर साचतो, सांधा सैल होतो आणि तापू लागतो. अशा घरात भिंत उघडल्यावर आवरणाच्या आत पांढरट धातूची तार दिसली तर तिला फांदी फोडण्याऐवजी वितरण पेटीतून तांब्याची नवी तार आणणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे करत नाही, हे येथे वेगळे सांगणे आवश्यक आहे. माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला तर २३० व्होल्टच्या स्पर्शाने शरीरातून साधारण २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहून कमी प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडवायला एवढा प्रवाह पुरेसा असतो, पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो एखाद्या दिव्याइतका किरकोळ भार आहे, त्यामुळे एमसीबी स्वस्थच राहतो. हे काम आरसीसीबी करतो. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, पूर्ण परत येतो की नाही, हे तो सतत पडताळत असतो आणि दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात वीज तोडतो. वितरण पेटीत आरसीसीबी नसेल तर नवा सॉकेट बसवण्याच्या निमित्ताने तो बसवून घ्यावा. या संपूर्ण कामात केलेल्या खर्चांपैकी सर्वांत मोलाचा खर्च तोच असेल. त्याच्या जोडीला अर्थिंगची तार नव्या सॉकेटपर्यंत अखंड पोहोचलेली असली पाहिजे. जुन्या सॉकेटला तिसरे छिद्र आहे एवढ्यावरून त्याच्यामागे अर्थिंग आहेच असे समजू नये. ते छिद्र रिकामे असलेली घरे कमी नाहीत.

भिंतीची ओळख

भिंतीवर टिचकी मारून पोकळ आवाज आला नाही म्हणजे ती पक्की आहे एवढेच कळते. ती कशाची आहे हे कळण्यासाठी एखादे लहान छिद्र पाडून बाहेर पडणारी भुकटी पाहावी. लाल भुकटी विटेची, हलकी पांढरट भुकटी वजनाने हलक्या ब्लॉकची, आणि राखाडी भुकटीसोबत ड्रिल कण्हत असेल तर काँक्रीटची. वीट आणि ब्लॉक यांत झिरी, म्हणजे तारेसाठी लांबट खाच, पाडता येते. काँक्रीटचे खांब, तुळया, दारे-खिडक्यांवरील लिंटेल आणि ओतीव काँक्रीटच्या भिंती यांना मात्र हात लावू नये. त्यांच्यात पोलादी सळया असतात आणि त्या सळयांवर काही सेंटिमीटर काँक्रीटचे कवच असते, जे हवा आणि ओल यांना सळईपर्यंत पोहोचू देत नाही. झिरी पाडली की नेमके ते कवच जाते; सळई गंजते, गंजताना फुगते, आणि आजूबाजूचे काँक्रीट फोडून बाहेर टाकते. आजच्या अनेक उंच इमारतींत सर्वच भिंती ओतीव काँक्रीटच्या असतात. तेथे नवा सॉकेट भिंतीच्या पृष्ठभागावरून केसिंग पट्टीतून, म्हणजे तार झाकणाऱ्या पोकळ पट्टीतून, नेणे हेच योग्य, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. नीट आखून, कोपऱ्याच्या किंवा स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीच्या) कडेने नेलेली पट्टी डोळ्यांना खुपत नाही, ती कधीही उघडून तपासता येते, आणि तार कोठून गेली आहे हे कोणालाही न विचारता दिसते. भाड्याच्या घरातही हाच मार्ग बरा.

विटेच्या भिंतीत झिरी किती खोल असावी यासाठी एक सर्वमान्य मर्यादा आहे: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून अधिक खोल नसावी आणि आडवी झिरी एक षष्ठांशाहून अधिक नसावी. ११५ मिमी जाडीच्या भिंतीसाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे ३८ आणि १९ मिमी येतात. २० मिमीचा पाइप उभ्या झिरीत सहज मावतो, पण आडव्या झिरीत तो केवळ गिलाव्याच्या जाडीच्या मदतीनेच बसू शकतो. आडव्या झिरीवर अधिक कडक बंधन का, हे समजून घेण्यासारखे आहे. भिंतीवरचा भार वरून खाली उतरतो. उभी झिरी त्या भाराच्या वाटेतील दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची एक अरुंद पट्टी काढून घेते आणि बाकीची भिंत पूर्वीसारखीच भार घेत राहते. आडवी झिरी मात्र जेवढी लांब, तेवढ्या लांबीत भिंतीची जाडीच कमी करते. त्या रेषेवर सर्व भार उरलेल्या जाडीवर येतो आणि तोही एका बाजूला सरकून. म्हणून दोन सॉकेटांमध्ये अंतर जास्त असेल तर सरळ आडवे जाण्याऐवजी खाली स्कर्टिंगपर्यंत किंवा वर छतापर्यंत उभे जाऊन तेथून पुढे जाणे भिंतीच्या दृष्टीने चांगले असते, जरी त्यात तार अधिक लागली तरी.

तिरकी झिरी तर पाडूच नये. ती भिंतीला आडव्या झिरीप्रमाणे दुबळी करते, पण तिचा मोठा दोष वेगळाच आहे. सॉकेट किंवा स्विच दिसला की त्याच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ आडव्या रेषेत तार असू शकते, असे गृहीत धरून जगभरातील कारागीर ड्रिल चालवतात, आणि अनेक देशांच्या नियमांनी तारांसाठी याच वाटा ठरवून दिल्या आहेत. तिरक्या वाटेने गेलेल्या तारेचा असा कोणताही माग भिंतीवर राहत नाही. तार वाचवण्यासाठी केलेला तो तिरका काप पुढे एखाद्या तसबिरीसाठी छिद्र पाडणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवावर बेतू शकतो. तार अदृश्य करायची असेल तर तिची वाट तरी ओळखता येण्याजोगी ठेवावी, ही भिंत फोडणाऱ्याची त्या माणसाप्रती जबाबदारी आहे.

सॉकेटची पेटी झिरीपेक्षा खोल लागते. ती सुमारे ५० मिमी खोल असेल आणि भिंत ११५ मिमीची असेल, तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून दोन पेट्या बसवणे टाळावे; मध्ये विटेचा जेमतेम पापुद्रा उरतो आणि पलीकडच्या खोलीतील आवाजही तेथून येऊ लागतो. दोन पेट्यांत एका विटेइतके आडवे अंतर ठेवले की हा प्रश्न सुटतो. भिंतीच्या पलीकडच्या बाजूला आधीच सॉकेट असेल तर हीच रचना सर्वांत सोपी ठरते, कारण भिंतीतून आरपार एक छिद्र आणि थोडी आडवी झिरी एवढ्यात काम होते.

जागेबद्दल थोडेच सांगायचे आहे. मोरी, बेसिन आणि शेगडी यांच्या जवळ सॉकेट घेऊ नये. न्हाणीघरासाठी प्रत्येक देशाचे अंतराचे नियम आहेत आणि ते पाळावेत. ज्या बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिच्यात झिरी पाडण्यापूर्वी ओलीचा बंदोबस्त करावा. सॉकेट कपाटामागे जाणार नाही हे फर्निचर जागेवर असतानाच पाहून घ्यावे. लहान मुले असतील तर आतून झडप असलेला सॉकेट घ्यावा.

वीज बंद आहे याची खात्री

झिरीसाठी भिंतीला हात लावण्यापूर्वीच, आणि जोडणीच्या वेळी पुन्हा, वीज बंद करणे अनिवार्य आहे. आत कोणत्या जुन्या तारा कोठून गेल्या आहेत हे तार शोधणारे उपकरण भिंतीवरून फिरवून पाहावे, पण त्याने काही दाखवले नाही म्हणून आत काही नाही असे मानू नये; ओल्या भिंतीत, जाड गिलाव्यात किंवा भार नसलेल्या तारेच्या बाबतीत ते फसते. पाण्याचे पाइपही याच भिंतींत असतात.

एमसीबी बंद करून त्यावर चिकटपट्टी किंवा कुलूप लावावे आणि काम चालू असल्याची सूचना घरातील सर्वांना द्यावी. त्यानंतर दिवा लागणाऱ्या टेस्टरवर विसंबू नये. तो हाताच्या स्पर्शातून पेटतो, रबरी चपला किंवा उजेड यांमुळे तो कळत नाही, आणि त्यातला दिवा बिघडलेला असला तर जिवंत तारही मेलेली भासते. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा मल्टिमीटर घ्यावा, तो आधी चालू असलेल्या एखाद्या सॉकेटवर तपासावा, मग कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांवर तपासावा, आणि पुन्हा एकदा चालू सॉकेटवर. शेवटची तपासणी अनेकांना अनावश्यक वाटते. मधल्या वेळात उपकरणच बंद पडले नाही ना, हे तिच्यामुळेच कळते. ज्या घरात इन्व्हर्टर किंवा सौर पॅनेल आहे तेथे मुख्य स्विच बंद केला तरी काही सर्किटे जिवंत राहतात. तो पुरवठा वेगळा बंद करावा लागतो आणि त्यानंतर पुन्हा तपासावे लागते.

झिरी, पाइप आणि गिलावा

आखणी ओळंबा आणि लेव्हल लावून करावी. दोन समांतर रेषांवर कटरने काप घेऊन मधला भाग छिन्नीने काढला तर झिरी सरळ येते आणि आजूबाजूचा गिलावा सुटत नाही. केवळ हातोडी-छिन्नीने केलेली झिरी जुन्या, भुसभुशीत गिलाव्याचे मोठाले पोपडे काढते. दोन चकत्यांचा आणि धूळ ओढून घेणारा झिरी-कटर भाड्याने मिळत असेल तर तो आणावा. वीट आणि काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकी सिलिका असते, जिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार निर्माण करतात. साधा रुमाल त्यांना अडवत नाही. एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मुखवटा, डोळ्यांसाठी गॉगल आणि कानांसाठी संरक्षण हे कापणाऱ्याने वापरलेच पाहिजे. कारागीर रोज हेच काम करत असेल तर ते त्याच्यासाठी अधिकच आवश्यक आहे, आणि तो वापरत नसेल तर घरमालकाने ते आणून द्यावे असे मला मनापासून वाटते.

झिरीत पाइप बसवताना तीक्ष्ण वळणे टाळावीत. सांध्याऐवजी मोठ्या गोलाईचा बेंड वापरला तर तारा सहज ओढल्या जातात आणि पुढे कधी बदलायच्या झाल्यास भिंत न फोडता बदलता येतात. पाइपाच्या आतील जागेपैकी सुमारे ४० टक्क्यांहून अधिक जागा तारांनी व्यापू नये. पाइप न घालता तार थेट गिलाव्यात पुरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, पण आवरणावर दुसरे आवरण नसलेली साधी एकेरी तार तशी कधीही पुरू नये. पेटीत तार शिरते त्या छिद्राला रबरी बूच बसवावे, नाहीतर पत्र्याची धार आवरण कापते. पेटीची कड तयार गिलाव्याच्या पातळीत आली पाहिजे. ती आत राहिली तर सॉकेटचे स्क्रू पोहोचत नाहीत, बाहेर आली तर प्लेट भिंतीला टेकत नाही.

भरण्यापूर्वी एक काम करावे, ज्याला काहीच खर्च येत नाही: झिरीला लावून मोजपट्टी धरावी आणि फोटो काढावा, ज्यात जमिनीपासूनचे आणि जवळच्या कोपऱ्यापासूनचे अंतर वाचता येईल. मग झिरीतील धूळ काढून ती ओली करावी, कारण कोरडी वीट मसाल्यातील पाणी शोषून घेते आणि मसाला धरत नाही. एकाच थरात भरलेली खोल झिरी वाळताना आक्रसते आणि कडेने केसासारखी फट पडते. दोन थरांत भरून मध्ये बारीक जाळी दिली तर ही फट सहसा येत नाही. रंग देण्याची घाई करू नये, भरलेला भाग पूर्ण वाळू द्यावा.

जोडणी आणि तपासणी

भिंतीची आखणी, कापणी आणि भरणी घरातील हौशी माणूस करू शकतो. जोडणी आणि तपासणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. अनेक देशांत कायद्यानेच तसे बंधन आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. सैल जोडणी सुरुवातीला अगदी व्यवस्थित चालते. समजा एका स्क्रूखाली तार नीट आवळली गेली नाही आणि तेथे ०.१ ओहम एवढाच रोध निर्माण झाला. त्यातून १६ अँपिअर वाहू लागले की त्या एका बिंदूवर २५ वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते, जेवढ्यावर डाग द्यायची लहान सोल्डरिंग आयर्न चालते. प्रवाह मर्यादेतच असल्यामुळे एमसीबी पडत नाही. फेज आणि न्यूट्रल यांतील प्रवाह समान असल्यामुळे आरसीसीबीही पडत नाही. तापल्याने स्क्रू आणखी सैल होतो, सैल झाल्याने आणखी तापतो, आणि प्लास्टिक काळे पडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

त्यामुळे आवरण स्क्रूच्या तोंडापर्यंत ठेवावे, सर्व धागे आत जातील असे पाहावे, स्क्रू घट्ट करून तार ओढून पाहावी, आणि पेटीत सुमारे १५० मिमी तार राखीव ठेवावी. भिंतीच्या आत, गिलाव्याखाली, कोठेही सांधा घेऊ नये; प्रत्येक सांधा उघडता येईल अशा पेटीतच असला पाहिजे. जुन्या सॉकेटपासून पुढे तार नेताना अर्थिंगची सलगता एखाद्या सॉकेटच्या स्क्रूवर अवलंबून राहणार नाही अशी जोडणी करावी, म्हणजे तो सॉकेट कोणी काढला तरी पुढच्या सॉकेटचे अर्थिंग तुटत नाही.

वीज सुरू करण्यापूर्वी वायरमनने तीन तपासण्या कराव्यात आणि आपण समोर उभे राहून त्या पाहाव्यात. पहिली, अर्थिंगची तार वितरण पेटीपासून नव्या सॉकेटपर्यंत अखंड आहे का. दुसरी, मेगर या रोध मोजणाऱ्या उपकरणाने ५०० व्होल्ट देऊन तारांच्या आवरणाचा रोध मोजणे. तो किमान १ मेगाओहम असला पाहिजे, आणि नव्या तारेचा तर त्याच्या कितीतरी पट अधिक येतो. या तपासणीच्या वेळी त्या सर्किटावरील सर्व उपकरणे काढलेली असावीत, नाहीतर आकडा चुकीचा येतो आणि नाजूक उपकरणे बिघडू शकतात. झिरीत खिळा लागून किंवा पाइपातून ओढताना आवरण सोलले गेले असेल तर ते येथेच उघडकीस येते. तिसरी, फेज आणि न्यूट्रल योग्य बाजूंना आहेत का आणि सॉकेटचा स्विच फेजवरच आहे का. स्विच न्यूट्रलवर राहिला तर तो बंद करूनही उपकरणात फेज पोहोचलेली असते.

वीज सुरू केल्यावर आरसीसीबीवरील टेस्टचे बटण दाबून तो पडतो का ते पाहावे. पहिल्या काही दिवसांत एखादे मोठे उपकरण अर्धा तास चालवून, मग बंद करून, सॉकेटच्या प्लेटवर आणि प्लगवर हात ठेवून पाहावा. किंचित कोमट लागणे स्वाभाविक आहे. हात ठेववत नसेल, वास येत असेल किंवा प्लग घालताना आत तडतड होत असेल तर त्या सर्किटाचा एमसीबी बंद करून वायरमनला परत बोलवावे. नवा सॉकेट कोणत्या एमसीबीवर आहे हे वितरण पेटीच्या झाकणावर लिहावे, आणि झिरीचा फोटो छापून त्याच झाकणाच्या आत चिकटवावा.